कडी आतून आहे

प्रिय ऋतिका,

हो, तुझंच नाव घाल. म्हातारी चळलेली नाही. लिहिणारी तू आणि पत्रही तुलाच. मी जिन्याच्या तोंडाशी या चिंचोळ्या जागेत पाटावर बसलेय, तू आत कडी घालून बसलीयस, आणि मध्ये तुझ्या बापाने हौसेने बसवलेलं सागवानी दार. माझे गुडघे धड असते तर एव्हाना खांदा लावून पाहिला असता. आता तोंड तेवढं धड आहे, तेच चालवते. वही-पेन खिडकीखालच्या स्टुलावर होतं, ते तू घेतलंस आणि दाराशी येऊन बसलीस, एवढं मला कळलं, कारण तुझ्या पाठीने दार हललं. आता मी बोलते ते लिहीत जा. सगळं लिही, मधली बडबडसुद्धा, गाळायचं काही नाही. अक्षर कसंही येऊ दे, मला कुठे वाचता येतंय? एक ओळ झाली की दारावर एकदा टकटक कर. हात फारच थरथरला तर नुसती रेघ ओढ आणि टकटक कर. झाली? शहाणी माझी बाय.

मघाशी तू आतून म्हणालीस, आजी, मी मरतेय. तेही लिही. पुढे लिही की छाती आवळलीय, घसा सुकलाय, बोटांना मुंग्या आल्यात, पाय आपले वाटत नाहीत. हे मला कसं ठाऊक? तुझ्या अक्षताने सांगितलं. ती तुला घरात कोणाला न कळवता अंधेरीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती ना, त्या बाई काय म्हणाल्या ते मी तिच्याकडून काढून घेतलं. तिला सुकटीची चटणी आणि गरम भाकरी दिली की ती काहीही सांगते, मैत्रीण जपून निवडत जा. बाई म्हणाल्या, हा घाबरण्याचा झटका असतो, पॅनिक अटॅक. मरतोय असंच वाटतं, पण माणूस मरत नाही. लाट चढते, दहा-वीस मिनिटांत उतरते, तिच्याशी भांडायचं नाही. मी अक्षताला म्हटलं, एवढं शिकायला बाई कॉलेजात गेल्या? हे तर वेसाव्याचं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा असं ऐटीत बोलले खरी. पण आता तुझा श्वास दाराच्या फटीतून ऐकू येतोय, तुटका, ओढून आणलेला, आणि मला बाईंचं एक अक्षर पटत नाहीये. दर वेळी वाटतं, हा शेवटचा. हेही लिही. वही मोठी आहे.

आणि वेळ कमी आहे. खालची सगळी मंडळी वाजतगाजत देवळात गेलीत, देवाला हळदीचं आमंत्रण द्यायला. बेंजो लांबून ऐकू येतोय तोवर आपलं बरं आहे. नवरदेव मितेशची एकुलती एक बहीण तू, करवली, कळस घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचं होतंस. मांडवात पाय ठेवलास, ढोल कडाडला, चारशे माणसं तुझ्याकडे वळली, आणि तू कळस माझ्या मांडीत ठेवून जिना चढलीस. मी लोकांना सांगितलं, पोरीचा काष्टा सुटला, नेसून येते, तुम्ही व्हा पुढे. हा बहाणा पुरून पुरून अर्धा तास पुरेल. मग मिरवणूक परत येईल, करवली कुठाय म्हणून चार बायका वर येतील, दार बडवतील. तू उघडणार नाहीस. मग पुरुष येतील आणि कडी उखडतील. पाहुण्यांत तो खाडीपलीकडचा भगतही आलाय, पहिल्या पंगतीवर डोळा ठेवून. तुला अशी पाहिली की तो जेवण सोडून वर येईल. म्हणून सांगते, ते यायच्या आधी तुझा श्वास जाग्यावर यायला हवा आणि हे दार आतून उघडायला हवं. अशी त्यांच्या हातात सापडलीस की काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंय.

बाईंनी आकडे मोजून श्वास घ्यायला सांगितलंय म्हणे. चारपर्यंत आत, मग अमुकपर्यंत थांब, मग तमुकपर्यंत बाहेर. अक्षताला धड आठवेना, आणि मला वीसच्या पुढचं सगळं कोडीने मोजायची सवय. म्हणून आपण आपल्या रीतीने करू. बोंबील टांगू. सातवीत असताना तुला शिकवलं होतं, दुसऱ्या दिवशी हाताला वास येतो म्हणून तू शाळेत जाईनास, आठवतं? एकटा बोंबील सुकवायच्या वलांडीच्या दोरीवर टिकत नाही, घसरतो. दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. चल. टोपलीतून पहिला उचल, श्वास आत. दुसरा उचल, जबड्यात जबडा अडकव, थांब. आता जोडी दोरीवर टाक आणि हात सावकाश सोड, श्वास बाहेर, तोंडाने, गरम चहावर फुंकर घालतेस तसा लांब. झाली एक जोडी. टकटक. पुन्हा उचल. घाई करू नकोस, घाईत टांगलेली जोडी पडते आणि कावळा वर बसलेलाच असतो. टकटक. पुन्हा. तिसरी छान बसली. चौथीही. पाचवी पडली, मला इथवर ऐकू आली. पडू दे. टोपलीत बोंबील पुष्कळ आहेत. सहावी घे.

मध्येच थांबलीस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, खाली स्पीकरवर एक गाणं संपून दुसरं लागलं एवढं खरं. टकटक नाही, पेनाची खरखर नाही, श्वासाचाही आवाज नाही. तेव्हा मी काय काय बोलले ते तू लिहून घेतलं नसशील तर फार बरं झालं. आधी एकवीरेला नवस बोलले. मग नवसाचा कोंबडा वाढवून बकरा केला. मग तिला शिव्या दिल्या, तिच्या तोंडावर, नवसाच्या लगेच मागून. दोन्ही हातांनी दार बडवलं आणि बडवता बडवता ध्यानात आलं, की हे बडवणंच तर तुला सोसत नाही. मग कपाळ दाराला लावून गप्प बसले. पन्नास वर्षं बाजारात बसले, मला गप्प करणारं गिऱ्हाईक भेटलं नाही, आणि तू दारामागून केलंस. हाक मारावी तर गल्ली गोळा होईल. फोन लावावा तर माझ्या मोबाइलात मला कोणाचं नाव ओळखता येत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आणि एका दाराचं काही करू शकत नव्हते. मग टकटक आली. एकच, नखाने केल्यासारखी. पुन्हा असं करू नकोस, ऋतिका. लिहिता नाही आलं तरी चालेल, तेवढं नख चालू ठेव.

तुला हसवू का थोडं? पहिल्यांदा झालं तो दिवस सांगते. शिमगा झाल्यानंतरचा आठवडा. तू परीक्षेहून आलीस, ओट्याला टेकून खाली बसलीस आणि म्हणालीस, श्वास येत नाही. मी म्हटलं, फिट आली. फिट आली की कांदा फोडून हुंगवायचा आणि नाकाला चामड्याची चप्पल लावायची, एवढं माझं डॉक्टरी शिक्षण. कांदा होता घरात. चामडं कुठून आणणार? आपण कोळी माणसं, आयुष्य पाण्यात आणि बर्फात, घरात झाडून सगळ्यांच्या पायात रबर. मी धावत मागच्या खोलीत, आपल्या भाडेकरूकडे. तो बिचारा चंद्रप्रकाश मरोळच्या कारखान्यात रखवाली करून येऊन झोपलेला. त्याचा बूट उचलला, आत मोजा होता तो तसाच, आणि आणून लावला तुझ्या नाकाला. तू भडाभडा ओकलीस. मी चारचौघींना सांगितलं, बघा, उतरलं! चंद्रप्रकाश पुढे आठवडाभर बूट उन्हात वाळवत होता आणि माझ्याकडे असा बघत होता, की माताजींना माझ्या बुटात नेमकं काय सापडलं. आतून काही आवाज आला. हसलीस की रडलीस? काही असो. दोन्हीला श्वास लागतो.

यापुढचं हसण्यावारी नेता येत नाही. दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं, आणि तुला खाडी ओलांडून त्या भगताकडे नेलं. जिला श्वास मिळत नव्हता तिच्या नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली. केस मुठीत धरून तो विचारत राहिला, कोण आहेस तू, बोल, कोण आहेस. आणि तू आपलंच नाव सांगत राहिलीस. ऋतिका. ऋतिका. त्याला दुसरंच कुणाचं तरी नाव हवं होतं. घरी आलीस ती तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलीस. आणि मग ही कडी आली. कधीही काही होऊ लागलं की वर यायचं, कडी घालायची, मोबाइलवर मोठ्याने गाणं लावायचं, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. अर्ध्या तासाने तोंड धुऊन खाली. सगळ्यांना वाटलं, भगताचा गुण आला. त्याच्या देवीला साडीचोळी आणि नारळ पोचवला आपण. नऊ महिन्यांत अकरा वेळा तुझी कडी लागली. मला माहीत आहे. तू अकरा वेळा एकटीने हे सोसलंस आणि खाली येऊन मला विचारलंस, आजी, चहा ठेवू का.

हात दुखला असेल. आता मी बोलत नाही, तू बोल, आणि बोलशील ते लिही. बाईंनी सांगितलेलं दुसरं औषध हे, की डोळ्यांना दिसतील त्या पाच वस्तू सांगायच्या. हळू आवाजात सांगितल्यास तरी चालेल, मला ऐकायचंय. पंखा. बरं. हिरव्या बांगड्या. भिंतीवरची पाल, तिलाही आजच यायचं होतं. स्टुलाचा मोडका पाय. आणि दाराखाली आजीची बोटं. पाच झाल्या. हो, माझी बोटं आहेत ती, फटीत घातलीयत मघापासून, सुजलीत म्हणून भजीसारखी दिसत असतील. तुझं बोट लागलं त्यांना. गार पडलंय नुसतं. असू दे तिथेच. तुझा आवाज आता तुझ्यासारखा येतोय, ऐकलंस का तू? मघाशी दोन शब्दांच्या मध्ये तीनदा श्वास घेत होतीस, आता अख्खी ओळ बोललीस. लाट संपली असं मी म्हणणार नाही, पण वळली आहे.

आता एक गोष्ट सांगते, कडी काढायची घाई नाही, लिहीत राहा. जिन्यात कोणी आलंय. घाबरू नकोस, एकटीच आहे आणि गप्प आहे. तुझी आई. नवरदेवाची आई असून मिरवणूक अर्ध्यावर सोडून आली, चपला हातात घेऊन, तुला पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून. खालून चौथ्या पायरीवर बसलीय. मला बोटाने खुणावते, बोलू नका, मी आलेय ते सांगू नका, ती आणखी घाबरेल. माझी सून नमिता अशी आहे आणि मी अशी आहे, की लगेच सांगून टाकलं. मघाशी म्हटलं ना, अकरा वेळा कडी लागली ते मला माहीत आहे? मला माहीत कारण तिने सांगितलं. मी दुपारी घोरत असते. अकराच्या अकरा वेळा ती याच पायरीवर बसली होती, तू तोंड धुऊन निघायच्या आत उठून खाली जायची.

तुला वाटतं, भगताकडे तुला तुझ्या आईने नेलं. नऊ महिने तू तिच्याशी कामापुरतं बोलतेस, तिने वाढलेलं ताट सरकवतेस आणि माझ्या ताटात जेवतेस. ऐक आणि जसं सांगते तसं लिही, एक शब्द गाळू नकोस. तुला मी नेलं. मी ठरवलं, मी निरोप धाडला, हाताला धरून फेरीबोटीत मी बसवलं. नमिता उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती, डॉक्टरकडे नेऊ म्हणत होती, आणि मी तिला विचारलं, या घरात सासू कोण आहे? धुरीच्या वेळी तुझ्या मनगटावर तिचे हात होते, हे तुला आठवतं ते खरं आहे. ती तुला बाहेर ओढत होती. खांद्यावर दाबणारे हात माझे होते. डोळ्यांत मिरची गेल्यावर कोणता हात कुठे नेतोय ते माणसाला काय कळणार? तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन आले, तेव्हा तू भिंतीकडे बघतच विचारलंस, मला तिथे न्यायचं कोणी ठरवलं. मी तोंडाने खोटं बोलले नाही. हनुवटीने स्वयंपाकघराकडे दाखवलं, जिथे ती भांडी घासत होती. एवढंच केलं. तू मान वळवून पाहिलंस आणि पेज प्यायलीस. त्या रात्री मी नमिताला म्हटलं, उद्या पोरीला खरं सांगते. तर म्हणाली, नको, एकीच्या हातचं तरी खाते ना, खाऊ दे. आणि मी किती खुशीने गप्प बसले ते आता या दाराला सांगायचीही लाज वाटते. नातीची लाडकी म्हणून अख्ख्या गल्लीत मिरवले.

पत्र का लिहून घेतलं, ते आता सांगते. तुझा हात आणि श्वास कामाला लागावा म्हणून, हे खरं, पण ते अर्धंच. नऊ महिन्यांत तीनदा मी हे तोंडाने सांगायला निघाले आणि तिन्ही वेळा काहीतरी गंमत करून सटकले. माझं तोंड बाजारात वाढलंय, शिळं पापलेट ताजं म्हणून खपवतं. हेही उद्या फिरवेन, म्हणेन पोरीला धीर द्यायला बोलले होते, असं काही झालंच नव्हतं. तुझ्या अक्षरातलं मला फिरवता येणार नाही, कारण मला ते वाचताच येत नाही. काढलीस तर तू फक्त माझ्यासाठी कडी काढशील, हे मला माहीत आहे. खोट्यावर काढलेली कडी मला नको. बेंजो कोपऱ्यावर आलाय. मी पाट घेऊन खालच्या पायरीवर जाऊन बसते, वर येणाऱ्याला तिथेच अडवते, भगताला सगळ्यांत आधी, आणि माझं तोंड कशासाठी दिलंय ते आज त्याला कळेल. माझ्या जागी दाराशी तुझी आई बसेल. ती काही बोलणार नाही, तिला बोलता येत नाही असल्या वेळी. माझ्यासाठी पुन्हा कधी उघडलं नाहीस तरी मी समजेन, पण तिच्यासाठी उघड, ऋतिका. कागद दाराखालून सरकव. मला सही येत नाही, पण हाताला हळद लागलीय, खाली अंगठा उमटवून तिच्याकडे देते. ती आत सरकवेल.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझीच
आजी सोनूबाई